वाचक विचारतात: मुक्तिसंग्राम वर्गात शिकवायचा कसा?

सप्टेंबर जवळ आला की मराठवाडा मुक्तिसंग्रामावरची, म्हणजे निजामाच्या राजवटीविरुद्धच्या लढ्यावरची पत्रं वाढतात. या वेळी तर बहुतेक पत्रं सहावी ते आठवीला शिकवणाऱ्या शिक्षकांचीच आहेत, म्हणून अख्खं सदर त्यालाच देतोय. पत्रं थोडी छोटी केलीत आणि नावं काढलीत.

प्रश्न: सर नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाळेत सातवी-आठवीला समाजशास्त्र शिकवते. दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन, दोन भाषणं आणि सुट्टी, एवढंच होतं. मागच्या वर्षी एका मुलाने निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या अत्याचारावर पाठ केलेलं भाषण जोरात म्हटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि नंतर काही पोरं वर्गातल्याच एका मुसलमान मुलाला 'ए रझाकार' म्हणून हाक मारायला लागली. तो पुढचे काही दिवस शाळेत आलाच नाही, शेवटी मी घरी जाऊन आणलं. आता मला हा विषय काढायचीच भीती वाटते. थोडक्यात गुंडाळावा का?

उत्तर: मॅडम, तुम्ही त्याच्या घरी गेलात हे फार चांगलं केलंत. पण विषय गुंडाळू नका, कारण तुम्ही नाही सांगितलं तर पोरं मोबाइलवरच्या दीड मिनिटाच्या व्हिडिओतून शिकतील आणि तिथं जे आहे ते या भाषणापेक्षा वाईट आहे. मला वाटतं अडचण आपल्या सुरुवातीत आहे. आपण थेट रझाकारापासून सुरू करतो, म्हणजे सिनेमाच्या मारामारीपासून सुरू केल्यासारखं होतं, आणि मग पोरांच्या डोक्यात एवढंच राहतं की 'ते' वाईट आणि 'आपण' चांगले. राज्य कुणाचं होतं, कसं चालायचं, लोकांना काय हवं होतं हे आधी आलं ना, तर रझाकार आपोआप त्यांच्या जागेवर येतात.

पहिल्या तासाला फळ्यावर फक्त नकाशा काढा. हैदराबाद संस्थान, सुमारे ८२,००० चौरस मैल, १६ जिल्हे, दीड कोटीच्या वर लोकसंख्या, भाषा तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू. मराठी जिल्हे पाच: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. तुमचा हिंगोली तेव्हा परभणीतच होता हे पोरांनाच शोधायला लावा. मग विचारा की १५ ऑगस्ट १९४७ ला आपल्या गावात झेंडा लागला होता का? बहुतेक वर्ग हो म्हणतो. नाही म्हटल्यावर पोरं एकदम सरळ बसतात. दिल्लीत तिरंगा फडकला आणि त्याच दिवशी हैदराबादेत लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली होती. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ किती दिवस होतात ते पोरांना मोजायला सांगा, ३९९ येतात, पण १९४८ लीप वर्ष होतं हे कुणाच्या लक्षात येतं ते बघा.

दुसऱ्या तासाला पैसे. हो, पैसेच. निजामाचं स्वतःचं नाणं होतं, हाली सिक्का. गावात कुणाकडे तरी जुन्या डब्यात एखादा नक्की निघतो, तो मागून आणा आणि वर्गात हातोहात फिरवा. त्यावर चारमिनार आहे आणि चारमिनारच्या मधल्या कमानीत निजाम उस्मान अली खानांच्या नावाचं पहिलं उर्दू अक्षर. तुमच्या वर्गात उर्दू वाचता येणारं पोर असेल तर तेच अक्षर त्याला वाचून दाखवायला सांगा, त्या दिवशी वर्गात सगळ्यात हुशार तोच ठरतो. इंग्रजी मुलुखातल्या रुपयाला लोक कलदार म्हणायचे आणि सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. मग गणित घाला, २१ हाली घेऊन सोलापूरच्या बाजारात गेलात तर हातात किती कलदार? आणि येताना काही माल आणला तर सरहद्दीवर करोडगिरी नाका, तिथं जकात भरा. राज्य म्हणजे काय असतं, आपल्या रोजच्या खाण्यापिण्यापर्यंत ते कसं पोचतं हे बारा-तेरा वर्षांच्या पोराला भाषणापेक्षा या हिशेबातून लवकर कळतं.

मग कारभार. निवडून दिलेलं सरकार नाही, सभा घ्यायची तर परवानगी, जमिनीचा मोठा भाग जहागिरीत नाहीतर निजामाच्या स्वतःच्या सर्फेखासमध्ये. वरच्या नोकऱ्या आणि वरचं शिक्षण उर्दूत, त्यामुळे मराठी घरातलं पोर दोन पायऱ्या खालूनच सुरुवात करायचं. इथे एक गोष्ट पोरांना मुद्दाम सांगाच की हेच सगळं गरीब मुसलमान शेतकऱ्यालाही लागू होतं, जहागीरदाराच्या दारात तोही उन्हात उभाच असायचा. आणि उलट बाजूनेही सांगा. १९४७ च्या शेवटी आलेल्या लायक अलींच्या मंत्रिमंडळात हिंदू मंत्री होते, आणि तेलंगणात शेतकरी ज्या देशमुखांविरुद्ध हातात शस्त्र घेऊन उठले ते देशमुख बहुतेक हिंदूच होते, त्यांच्या पाठीशी निजामाचे पोलीस आणि पुढे रझाकार होते. हे ऐकलं की 'ते' आणि 'आपण' ची रेघ पोरांच्या डोक्यात जरा हलते.

आता रझाकार. लपवायचं काही नाही, सौम्यही करायचं नाही. इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचं ते स्वयंसेवक दल, त्याचा नेता कासिम रझवी, लातूरचा वकील. संस्थान स्वतंत्र राहिलं पाहिजे आणि सत्ता आपल्याच हातात राहिली पाहिजे म्हणून त्यांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली, आणि सरकारने त्यांना मोकळं सोडलं. हजारो कुटुंबं घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली. सातवीला एवढं पुरे. प्रेतांची वर्णनं, बायकांवरच्या अत्याचाराचे तपशील या वयात वर्गात सांगायची गरज नाही, ते ऐकून पोरं घाबरतात नाहीतर त्यांना त्याची मजा वाटायला लागते, आणि दोन्हीतून शिकणं काही होत नाही.

त्याच तासाला, पुढच्या नाही, त्याच तासाला शोएबुल्ला खानांची गोष्ट सांगा. हैदराबादेत 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक चालवणारा तरुण संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावं, रझाकार करतायत ते चुकीचं आहे असं तो उघड लिहायचा. धमक्या आल्या तरी थांबला नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री कचेरीतून घरी येताना रस्त्यात त्याला मारलं, म्हणजे पोलीस अ‍ॅक्शनच्या, भारतीय फौजेच्या कारवाईच्या, महिनाभरही आधी नाही. मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांची नावं फळ्यावर लिहिताना हे नाव पहिल्या पाचात लिहा. मागच्या वर्षी ज्या पोराला चिडवलं ते पोर फळ्याकडे बघत असणार आहे, आणि चिडवणारी पोरंही.

आणि सगळ्यात अवघड भाग, जो बहुतेक शाळांत येतच नाही. १३ सप्टेंबरला फौज आत शिरली, सोलापूरकडून आलेल्या तुकड्यांनी पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. इथे आपण टाळ्या वाजवून पुस्तक मिटतो. पण त्या दिवसांत आणि नंतर अनेक गावांत सूड घेतला गेला आणि ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता असे मुसलमान मारले गेले. भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली, तिने १९४८ च्या शेवटी फिरून अहवाल दिला, त्यात २७ ते ४० हजार माणसं गेल्याचा अंदाज आहे आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. हा अहवाल कितीतरी दशकं लोकांसमोर आलाच नाही. आकडे तुमच्या माहितीसाठी. सातवीला एवढंच सांगा की लढा न्यायाचा होता आणि तरीही त्याच्या शेवटी निरपराध माणसांवर मोठा अन्याय झाला, दोन्ही खरं आहे. त्याच अहवालात हिंदू विणकरांनी आपल्याबरोबरच्या मुसलमान विणकरांना स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचवल्याची नोंद आहे, तीही सांगा. माझा अनुभव असा आहे की पोरं हे मोठ्यांपेक्षा नीट ऐकून घेतात. घाबरतो आपण.

गावातून कुणी येऊन विचारलं की हे काय शिकवता, तर शांतपणे सांगा की स्वामीजींनी आणि लढा चालवणाऱ्या त्यांच्या स्टेट काँग्रेसने सगळ्यांसाठी जबाबदार राज्यपद्धती मागितली होती, एका धर्माचं राज्य नाही. मी त्यांच्याच मागणीप्रमाणे शिकवतेय.

प्रश्न: आठवीच्या वर्गात मुक्तिसैनिकांनी लुटलेल्या उमरी बँकेची गोष्ट सांगितली तर एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, मग ते दरोडेखोरच झाले ना? बँक लुटली तर आता पोलीस पकडतात." सगळा वर्ग हसला आणि मला नीट उत्तर देता आलं नाही. काय सांगायचं?

उत्तर: सर, त्या मुलाचं वर्गासमोर कौतुक करा, कारण प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्या वेळी खुद्द लढणाऱ्यांतही हा वाद होता. सत्याग्रहाने लढायचं की शस्त्राने, हे स्टेट काँग्रेसमध्ये एका रात्रीत ठरलेलं नाही. १९३८ ला सत्याग्रह झाला, बंदी आली, माणसं तुरुंगात गेली. १९४७ ला झेंडा सत्याग्रह झाला, शिंदीची झाडं तोडायची जंगल सत्याग्रहाची मोहीम झाली, पुन्हा माणसं तुरुंगात. मग गावांवर हल्ले सुरू झाल्यावर सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले आणि तिथून नाके, पोलीस चौक्या यांच्यावर हल्ले सुरू झाले. उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ ची. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. हा योगायोग पोरांना सांगितला की वर्ग गप्प होतो, कारण एकीकडे गांधीजींची टोपी घालणारी माणसं आणि दुसरीकडे त्यांच्याच हातात बंदूक, हे त्यांना लगेच दिसतं.

तुम्ही उत्तर देऊच नका, वर्गाला द्यायला लावा. तीन प्रश्न फळ्यावर लिहा: पैसा कुणाचा होता, कुणासाठी नेला, आणि दुसरा कुठला मार्ग उरला होता का. पैसा निजाम सरकारच्या बँकेचा होता. तो चळवळीसाठी नेला, कॅम्पवरची माणसं जेवायची कशी आणि हत्यारं आणायची कशी हा प्रश्न होता, आणि नेणाऱ्यांनी त्याचा हिशेब ठेवला. तिसऱ्या प्रश्नाला वर्गात दोन गट पडतील आणि पडू द्या. माझं स्वतःचं मत विचाराल तर ज्या राज्यात मतपेटी नाही, सभा नाही, वर्तमानपत्र काढलं तर जीव जातो, तिथल्या माणसाने सरकारी पैसा लढ्यासाठी उचलणं आणि आजच्या माणसाने बँक फोडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण हे मत तास संपताना सांगा, आधी सांगितलंत तर पोरं तेच वहीत लिहून मोकळी होतात.

प्रश्न: पोरांना गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घ्यायचा उपक्रम दिलाय. पण मुलं जातात, "आजोबा मुक्तिसंग्रामाबद्दल सांगा" म्हणतात आणि आजोबा "लई हाल झाले बाबा" म्हणून गप्प बसतात. काही हाती लागत नाही.

उत्तर: 'मुक्तिसंग्राम' हा शब्द आपला, पुस्तकातला. जुनी माणसं म्हणतात 'रझाकारात', नाहीतर 'पोलीस अ‍ॅक्शनच्या वक्ताला'. पोरांनाही तसंच विचारायला सांगा. आणि हालअपेष्टांपासून सुरुवात नको. त्या वेळी तुम्ही केवढे होतात, बैलं किती होती, बाजाराला कुठं जायचे, शाळेत कुठली भाषा होती, रात्री दार कोण लावायचं, गढीवर कोण झोपायचं, असं विचारा. एकदा दार लावण्यावरून गोष्ट सुरू झाली की आजी स्वतःच सांगते की कोणत्या रात्री ते लावायचं राहिलं आणि लेकरं घेऊन ज्वारीत कसं लपलो. ज्वारी तेव्हा नुकती उभी राहिलेली, पावसाळ्याचे दिवस, हे पोरांना शेतावरून कळतंच.

तेव्हा दहा वर्षांची असलेली माणसं आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका, या सप्टेंबरातच करा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा, पण आधी परवानगी घेऊन, आणि आजी रडायला लागल्या तर रेकॉर्डिंग बंद करून पाणी आणून द्यायचं, हे पोरांना आधीच नीट समजावून सांगा. एक मात्र सक्तीने करा: प्रत्येक गटाने हिंदू, मुसलमान आणि दलित अशा तिन्ही वस्त्यांमधल्या माणसांशी बोलायचंच. एकाच गल्लीतल्या आठवणी आणल्या तर एकाच गल्लीचा इतिहास तयार होतो. मुसलमान वस्तीत पोलीस अ‍ॅक्शनच्या आठवणी वेगळ्या निघतील, काही घरांत कुणी बोलणारच नाही, तर आग्रह करायचा नाही, तेही वहीत लिहायचं की या घराने बोलायचं नाही असं सांगितलं.

तारखा चुकतील, दोन माणसं एकच घटना वेगवेगळी सांगतील. खोडू नका, दोन्ही शेजारी शेजारी लिहा.

प्रश्न: मी सोलापूर जिल्ह्यात शिकवतो. आमचा भाग निजामाकडे नव्हताच, इथली पोरं म्हणतात आम्हाला काय त्याचं?

उत्तर: सर, तुमच्या पोरांच्या पणज्यांनी त्या वर्षी मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून आलेल्या किती पाहुण्यांना भाकरी थापून घातल्या ते घरी विचारायला सांगा. सोलापूर, नगर, बुलडाणा, यवतमाळ या सगळ्या सरहद्दीच्या पट्ट्यात निर्वासित होते, कॅम्प होते, उमरखेडसारख्या ठिकाणाहून नांदेड भागातल्या कारवाया चालायच्या. फौजेची मुख्य चढाई तुमच्याच गावावरून गेली. सोलापूर-हैदराबाद रस्ता नकाशात बोटाने दाखवा, पोरं त्या रस्त्याने नळदुर्गला गेलेली असतात.

प्रश्न: स्नेहसंमेलनात मुक्तिसंग्रामावर नाटिका बसवायची आहे. सगळ्यांना कासिम रझवी व्हायचंय, दाढी लावून तलवार फिरवायची म्हणून. आणि मुलींना एकही भूमिका नाही. दुसरं काही सुचवाल का?

उत्तर: बाई, तलवारवाली नाटिका नकोच. त्यातून काय होतं ते वरच्या पहिल्या पत्रात आलंच आहे. तुमच्या पोरांच्या वयाला सगळ्यात जवळची गोष्ट १९३८ च्या विद्यार्थ्यांची आहे, ती घ्या. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतली पोरं प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणायची. त्यावर बंदी आली. पोरांनी माघार घेतली नाही, संप केला, शेकडो जणांना काढून टाकलं, शिक्षण थांबायची वेळ आली. तेव्हा नागपूर विद्यापीठाने दार उघडलं आणि ही मुलं तिकडे गेली. त्यात पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक मुलगा होता, पुढे देशाचा पंतप्रधान झाला.

यात नाटक भरपूर आहे आणि एकही तलवार नाही. वॉर्डन आहे, घरून आलेली काळजीची पत्रं आहेत, माफी लिहून दे आणि परत ये म्हणणारा बाप आहे, आणि माफी लिहावी का यावर रात्रभर भांडणारी एकाच खोलीतली मित्रं आहेत. मी असतो तर सगळा प्रवेश त्या खोलीतच ठेवला असता. त्या मित्रांत एकाने माफी लिहून दिलेली दाखवा आणि त्याला खलनायक करू नका, घरी बहिणीचं लग्न ठरलंय, बाप थकलाय, त्याला जायचंय. बघणाऱ्या पोरांना ठरवू द्या आपण काय केलं असतं.

मुलींसाठी दगडाबाई शेळके आहेत, जालन्याकडच्या धोपटेश्वरच्या, पुरुषी वेष करून घोड्यावर बसून लढणाऱ्या. पण नुसती घोड्यावरची बाई दाखवून थांबू नका. कॅम्पवर निरोप पोचवणाऱ्या, घरी फरारी माणूस लपवून दारात पोलिसाशी तोंड देणाऱ्या, रात्री वीस माणसांच्या भाकरी करून चुलीचा धूर दिसू नये म्हणून झटणाऱ्या बायका हजारांनी होत्या आणि त्यांची नावं कुठल्या स्तंभावर नाहीत. दारात पोलीस उभा आहे, आत कणगीमागे माणूस आहे आणि बाई पोलिसाला पाणी देतेय, एवढा एक प्रवेश चार मुली मिळून उत्तम करतील.

कपड्यांना खर्च नको, घरातली धोतरं-लुगडी पुरतात. संवाद तुमच्याकडच्या बोलीत ठेवा, पुस्तकी मराठीत पोरं अडखळतात. आणि निवेदकाचं काम वर्गातल्या ज्या पोराला उर्दू येतं त्याला द्या, कारण वसतिगृहाच्या फाटकावर लावलेली सरकारी नोटीस उर्दूतच असणार, ती त्याने आधी उर्दूत वाचायची आणि मग मराठीत सांगायची.